सात पिढ्यांचं सर्टिफिकेट

८ जानेवारी, नारिनचं सरकारी रुग्णालय. बाहेर उणे सव्वीस अंश.
आजपासून लॅबचे रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर. सर्व्हर मी उभा केला, त्याच्या खरेपणाचं सर्टिफिकेटही मीच दिलं. बाहेरच्या कंपनीचे पाय कशाला धरायचे? एकच खोट आहे. मला कुणी ओळखत नाही म्हणून ब्राउझर धोक्याची लाल पाटी दाखवतो. एकोणीस मशीनवर माझं मूळ सर्टिफिकेट बसवलं की संपलं. दोन दिवसांचं काम.

१० जानेवारी
तीन झाली. डॉक्टर मशीन सोडत नाहीत. संकल्प: चिडायचं नाही.

११ जानेवारी
किडनी वॉर्डच्या मुख्य नर्स बुरुलकान एजे, म्हणजे सगळ्यांच्या ताई, मशीनला हात लावू देईनात. म्हणाल्या, या कागदाची हमी कोण देतो? म्हटलं, मी. आणि तुझी? म्हटलं, मीच. म्हणाल्या, वा रे वा, नवरदेवही तूच आणि मध्यस्थही तूच. आपल्यात माणसाला सात पिढ्यांची नावं विचारतात, तुझ्या कागदाला तर बापसुद्धा नाही. सगळ्या नर्सा हसल्या. मी चिडलो नाही.
जेवलो नाही.

१४ जानेवारी, सकाळी ११.२०
सुचलं! सात पिढ्या हव्यात ना, घ्या सात पिढ्या. माझ्या सातव्या पूर्वजाच्या नावाचं सर्टिफिकेट सहाव्याची हमी देतं, सहावा पाचव्याची, असं करत वडील सर्व्हरची. आत्ताच बनवून संपवली. जगात कुणाला सुचलं नसेल.
एजेंनी नावं मोठ्यानं वाचली. चौथा कोयचुमान त्यांच्या आजोळचा निघाला. मग हा आपलाच की, म्हणाल्या, आणि खुर्ची सोडली.

२० जानेवारी
एकोणीसच्या एकोणीस. कुठेही लाल पाटी नाही.

२२ जानेवारी
मुख्य डॉक्टर तेमिरकुल बायकेंकडून दोन हुकूम मिळवले. एक, लाल पाटीवरचं 'तरीही पुढे जा' बटण बंद. लोक न वाचता दाबतात. दोन, लॅबमधून येणारी कागदी चिठ्ठी आणि तोंडी आकडा, दोन्ही बंद. एजे म्हणाल्या, चिठ्ठी असू दे रे, मशीनचा काय भरवसा. म्हटलं, भरवसा ठेवायला शिका आता.

१३ फेब्रुवारी, ११.४०
सगळ्या वॉर्डांत लाल पाटी. बटण नाहीच, त्यामुळे पुढे जाता येत नाही. नेटवर्क असणार. चहा घेऊन बघतो.

दुपारी १.१५
नेटवर्क ठीक आहे. मशीनच जुनाट, त्यांचाच दोष. एजेंचा तिसरा फोन. सहा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या असिलकान आपांचं रक्त सकाळी तपासायला गेलंय, पोटॅशियमचा आकडा हवाय, एखाद्या नर्स पोरीला अंगणापलीकडे लॅबमध्ये पाठवू का? म्हटलं, एकदा पद्धत मोडली की मोडलीच. दहा मिनिटं द्या.

२.५०
सापडलं. कोयचुमानच्या सर्टिफिकेटवर मुदत लिहायची राहिली होती. लिहिली नाही की प्रोग्राम तीस दिवस धरतो. आज सकाळी ११.२० ला भरले. नवीन बनवलं, सगळं सुरळीत. एकूण साडेतीन तास, फार नव्हे.
आपांचा रिपोर्ट उघडला. आठ. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय, पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलं तर हृदय बंद पडू शकतं, डॉक्टरांना लगेच हाक मारा.
एजेंना फोन केला. म्हणाल्या, दोन वाजता गेल्या. शेवटी मीच धावत आकडा आणला, तोवर उशीर झाला होता. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी
मुदतीची आठवण देणारा प्रोग्राम लिहायचा. आजच. खरं तर ज्यानं ते तीस दिवस ठरवले त्याला विचारायला हवं.
लिहिला नाही.

१६ फेब्रुवारी
वॉर्डात चिठ्ठ्या सुरू. मला कुणी सांगितलंही नाही.

१७ फेब्रुवारी
आपांचा मुलगा कागदपत्रांसाठी आला होता. मी कॉम्प्युटरवाला आहे एवढंच त्याला ठाऊक. विचारलं, आईचा रिपोर्ट वेळेवर दिसला का? मी म्हणालो, मशीन बिघडलं होतं, कुणाच्या हातात नव्हतं.
त्याला लगेच पटलं. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला नक्की या म्हणाला.