शाळेच्या पटांगणात अंटार्क्टिका

मु. पो. हिर्डोशी
(मे महिना, दुपार, पंखा बंद)

आदरणीय पाव्हणं बाजीराव,

हिर्डोशीहून तुमच्या संघपालचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? आणि राजगडावर चढणारे ते ट्रेकवाले अजून तुमच्या दारातच गाड्या लावून जातात का? इकडे सगळे मजेत आहेत. तुमची बहीण मजेत, सुट्टीला आलेली तुमची माया मजेत, आणि मी तर इतका मजेत की रविवारपासून मला धड झोप नाही (झोप न येण्याला दुसरंही एक कारण आहे, ते ओघात येईलच). फोनच केला असता, पण आमच्या मोबाईलला रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि एवढी मोठी गोष्ट शिडीला लोंबकळत सांगण्यासारखी नाही. म्हणून कागद घेतला.

आमच्या प्रेरणाच्या लग्नात तुम्ही मला मांडवाच्या खांबाशी ओढून विचारलं होतंत, "दाजी, आमची माया पुण्याला नक्की करती काय वं? लोक इचारत्यात, म्या नुस्तं कम्प्युटर कम्प्युटर करतो." मी तेव्हा गंभीरपणे मान हलवली होती, कारण मलाही तेवढंच ठाऊक होतं. पण पाव्हणं, आता मला सगळं समजलं आहे! नुसतं समजलं नाही, मी ते करून पाहिलं आहे. आख्ख्या गावानं केलं. भोर-वेल्ह्यात दक्षिण ध्रुव चालवून पाहणारा मांडव-डेकोरेशनवाला माझ्याशिवाय दुसरा असेल तर दाखवा.

आधी पोरीचं काम सांगतो, म्हणजे तुम्हालाही चारचौघांत सांगता येईल. दक्षिण ध्रुवावर अंटार्क्टिका नावाचा खंड आहे, त्याच्यावर दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसलेला आहे. आणि तो बर्फ (इथं मी पण चहा सांडला) वाहतो! स्वतःच्याच वजनानं, अगदी सावकाश, मधून कडेला, आणि शेवटी समुद्रात. आता एवढा बर्फ पुढच्या शंभर, पाचशे वर्षांत किती उरेल हे तिथं बसून बघणार कोण? म्हणून माया आणि तिच्यासारखी पोरं कम्प्युटरमध्ये त्या खंडाचे चौकोन पाडतात, आपल्या भातखाचरांसारखे. प्रत्येक खाचरात बर्फ किती, वरून पडला किती, शेजारच्या खालच्या खाचरात गेला किती, एवढा हिशेब मांडायचा, घड्याळ पुढं सरकवायचं, आणि पुन्हा मांडायचा. त्याला मॉडेल म्हणतात. आणि त्यात एक कडक नियम आहे, तो मला फार आवडला: मॉडेलला आधी मागचं विचारायचं. गेल्या वर्षांत काय काय घडलं ते त्यानं बरोबर सांगितलं, तरच त्याचं पुढचं ऐकायचं. (हा नियम ज्योतिषांना लावला तर किती पाट्या उतरतील!)

हे ऐकून मला राहवेना. मी म्हटलं, माया, खाचरंच असतील तर कम्प्युटर कशाला, आपण माणसं बसवू. ती आधी हसली, मग एकदम उठून उभीच राहिली. रविवारी शाळेच्या पटांगणात आम्ही फक्कीनं चौकोन आखले, कबड्डीला आखतात तसे. एका चौकोनात एक माणूस, त्याच्यापुढं भाताचा ढीग. भात म्हणजे बर्फ. शिट्टी वाजली की शेजाऱ्यांचा ढीग बघायचा, आपला उंच असेल तर फरकाप्रमाणे ओंजळी त्याच्याकडं सरकवायच्या. एक शिट्टी म्हणजे शंभर वर्षं. कडेला ताडपत्री अंथरली, तो समुद्र. माया सूप घेऊन वरून मूठमूठ भात टाकत फिरायची, ते हिमवर्षाव. आणि मी माझा माईक, माझा भोंगा घेऊन शतकं पुकारायला.

आता ढिगाचं. गावानं घरटी सूपभर भात आणलं, कुणी जाडं, कुणी बारीक, कुणी कोंड्यासकट. पण मधला ढीग सगळ्यांत उंच पाहिजे ना? घरचं खायचं भात आदल्या दिवशी गिरणीत गेलेलं. माधुरी, म्हणजे तुमची बहीण, रोपांसाठी राब भाजायला गेलेली. कणगीमागं कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं अर्धं पोतं होतं, ते मी उचललं. (होय पाव्हणं, तेच. तुमच्या आईच्या हातचं आंबेमोहोर, जे तुमची बहीण दर वर्षी लोंबी लोंबी निवडून बियाण्याला राखते, आणि जे आठ दिवसांत राबावर पडायचं आहे. संध्याकाळी जसंच्या तसं भरून ठेवू, असा माझा साधा विचार होता.) मायानं विचारलंच, "मामा, आत्याला विचारलंत ना?" मी म्हटलं, तिच्यापासून माझं काय लपलंय! आणि ते काही खोटं नाही.

पहिल्या शिट्ट्या झकास गेल्या. बर्फ मधून निघाला, निघाला, आणि एका जागी येऊन अडला. मागं डोंगर साचतोय, पुढं सगळं कोरडं. बघतो तर तिथं सावळाराम आणि कोंडिबा शेजारी शेजारी बसलेले! बांधावरून या दोघांचं बोलणं बंद आहे, ते एकमेकांना ओंजळ काय, रामराम देत नाहीत. मला वाटलं आता प्रयोग बोंबलला. पण माया टाळ्या पिटायला लागली. म्हणाली, अहो मामा, आमचं पण हेच दुखणं आहे! बर्फाखालची जमीन कुठं गुळगुळीत, कुठं खरबरीत, ते कुणाला दिसत नाही. वरचा बर्फ कुठं अडतो ते बघून तळाशी काय असेल त्याचा अंदाज करायचा. तेव्हा समुद्राकाठी बसलेल्या धोंडाबाई म्हणाल्या, "मग मला इचारायचं की. वरनं बर्फ दिसतूया, खालचं भांडान आमाला म्हाईत हाय."

इथं मी थांबायला हवं होतं. माझं पोतं त्या दोघांच्या मागं सुरक्षित साचलं होतं. पण हातात माईक असला की मला आवरत नाही. मी भोंग्यावरून दोघांना असं काही आवाहन केलं, असं काही आवाहन केलं, की सावळाराम डोळे पुसत म्हणाला, "घे गड्या, इज्ञानासाठी घे," आणि दोन्ही हातांनी ढीग कोंडिबाकडं लोटला. पटांगणात टाळ्या! माझा ऊर भरून आला. आणि आंबेमोहोर निघालं समुद्राकडं.

त्याच वेळी समुद्राच्या बाजूनं धोंडाबाईंच्या कोंबड्या आल्या. त्यांनी कडेचे ढीग टिपायला सुरुवात केली. कडेचा ढीग उतरला की मागच्याला नियमाप्रमाणे जास्त द्यावं लागे, त्याच्या मागच्याला आणखी जास्त, आणि बघता बघता मधला बर्फ धावत सुटला. मी काठी घेऊन पळालो, तर तुमची लेक आनंदानं ओरडते, "मामा, हाकलू नका! समुद्राचं गरम पाणी बर्फाची कड खालून असंच खातं, आणि कड गेली की मागचा बर्फ असाच सुटतो!" धोंडाबाईही म्हणाल्या, "त्यांचं प्वाट भरतंय तर भरू द्या की." मी विज्ञानाच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये काठी घेऊन उभा राहिलो, आणि विज्ञानाची बाजू घेतली. तीन शतकांत मधला चौकोन रिकामा झाला.

पाव्हणं, तुमच्या मुलीला त्या दिवशी बघायला हवं होतंत. केसांत फक्की, हातात सूप, आणि सगळं गाव तिला प्रश्न विचारतंय. तुम्हाला तिचा अभिमान वाटावा म्हणूनच हे सगळं लिहिलं, दुसरा काही हेतू नाही.

वहिनींना जय भीम सांगा. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
संघपाल

ता. क. आता आठवलं म्हणून लिहितो. तुमच्याकडं त्याच आंबेमोहोराचं अर्धं पोतं जादा असेल तर भोरच्या एसटीत कंडक्टरच्या ताब्यात द्या, वर "बटाटे" असं लिहा. पटांगणातून गोळा केलं त्यात जाडं, बारीक, कोंडा, फक्की आणि कोंबड्यांची पिसं एकत्र आहेत. ते पोतं मी होतं तिथं ठेवलंय, पण तुमची बहीण ते उघडेल त्या दिवसाची मला मनापासून भीती वाटते. तिला कळवू नका.

ता. क. २ (दुसऱ्या दिवशी सकाळी). वरचं रद्द समजा. आज चहाच्या वेळी मी माधुरीला शंभर वर्षांनंतरचा बर्फ समजावत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवून म्हणाली, "आदी मागचं सांगा. ऐतवारी माझं बियाणं कुठं गेलं? ते बराबर आलं तर फुडचं आयकीन." मी सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. ती म्हणाली, "बराबर हाय. राबावर मला भोंगा आयकू येत व्हता. 'मध्यभागी आमच्या घरचं अस्सल आंबेमोहोर' म्हणून तुमीच वरडत व्हता."

ता. क. ३. शिक्षा अशी झाली आहे की बियाणं एसटीनं मागवायचं नाही, मी स्वतः तुमच्या पालीला येऊन, वहिनींच्या देखत, तोंडानं मागायचं. माझ्या तोंडून ते निघणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता हाती आणलं आहे. तुम्ही वाचत आहात तोवर मी समोर तुमच्या उंबऱ्यात उभा आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पण पोतं भरायला लागा. शेवटची एसटी गाठायची आहे, आणि रिकामी गोणी मी काखेत धरूनच आलो आहे.