भिंतीवरची चार पानं

रविवार, ३ मार्च

प्रिय खारू,

आशीर्वाद घे, हवा असो नसो. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा ठणकतो, पण कुरकुरीचा आवाज खणखणीत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तू आईशी फोनवर बोलतोस आणि मी फोन हातात घेतला की तुला नेमकं काम आठवतं. पाच महिने झाले. म्हणून आता पत्र. पत्राला मध्येच "ठेवतो" म्हणता येत नाही.

आज बैठक झाली. वाचनालयाची मागची खोली, दहा ते बारा. सात जण आले. पूर्वी सतरा यायचे, खुर्च्या पुरायच्या नाहीत आणि तू खिडकीत बसायचास. पद्धत तीच ठेवली आहे. कुणाच्या तरी प्रोग्रॅमचा कोड प्रोजेक्टरनं भिंतीवर लावायचा, वरचं नाव पुसायचं आणि एकानं ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायची. कुणी लिहिलाय हे विचारायचं नाही. आज मास्तरांनी वाचलं. पन्नाशी उलटलेला शाळामास्तर, प्रोग्रॅमिंग शिकायला येतो, पण चूक सापडली की पहिल्या बाकावरच्या पोरासारखा हात वर करतो. तू असतास तर हसला असतास.

आपल्या बैठकीतला दाढी येईनासा झालाय. येईल कशाला? मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, तुझ्या कोडची ती चार पानं त्याच्या पेन ड्राइव्हमधून आली. आदल्या दिवशी तो आपल्या घरी तुझ्या लॅपटॉपशेजारीच बसला होता, आठवून बघ. मी फक्त प्रोजेक्टर सुरू केला. हां, भिंतीचा फोटो ग्रुपवर मी टाकला, ते मी कधी नाकारलं नाही. दर रविवारी टाकते, नवे लोक यावेत म्हणून. तो फिरत फिरत तुझ्या कंपनीत पोचेल आणि कंपनीचा कोड बाहेर दाखवला म्हणून तुला काढतील, हे मला काय ठाऊक?

झालं ते झालं. दुसऱ्या शहरात एकटा किती दिवस राहणार? परत ये. खिडकी रिकामीच आहे.

तुझी,
ताई


रविवार, ९ जून

प्रिय खारू,

पत्र मिळालं का असं आईनं विचारलं तेव्हा तू "हो" म्हणालास म्हणे. एवढा मोठा शब्द वापरलास, दमला असशील.

आज बैठकीला आम्ही तिघं होतो. मी, मास्तर आणि वाचनालयाच्या बाई. बाई खरं तर खोलीला कुलूप लावायला थांबल्या होत्या, पण मी त्यांनाही धरलं. खुर्च्या अजून सगळ्या मांडते. मास्तर म्हणाले, "मॅडम, लोक बिचकलेत. आपला कोड इथे आणला तर उद्या कुठे जाईल, असं वाटतं त्यांना."

मी म्हटलं, "एकदाच झालं तसं, तेही चुकून."

"दाढी म्हणतो, त्याच्याकडे त्या दिवशी पेन ड्राइव्हच नव्हता."

मी खुर्च्या एकात एक घालायला लागले. तेही लागले.

आई सांगत होती, तू गोदामात खोकी चढवतोस. चार वर्षं शिकून! मी इथे तीन ठिकाणी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. नुसता बायोडाटा पाठव, बाकी मी बघते.

आणि एक सांगायचं राहिलं होतं. ती पानं तुझी आहेत हे मला त्या रविवारी कळलं होतं. नाव पुसलं तरी तुझी टिपणं लपतात थोडीच? कोडच्या मध्येच आपल्या भाषेत लिहून ठेवलेलं, "इथून पुढे देवाच्या भरवशावर." ते मी मोठ्यानं वाचलं. पहिली मीच हसले, मग सगळे हसले. त्याच ओळीवरून तुझ्या कंपनीत ओळखलं, असं लिहिणारा तिथे दुसरा कोण होता? तेव्हाच प्रोजेक्टर बंद करायला हवा होता. पण चूक मला दिसली होती, बाविसाव्या ओळीत, आणि ती मला चारचौघांत दाखवायची होती. दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात कोण धरणार!

तुझी,
ताई


गुरुवार, १९ सप्टेंबर

खारू,

आज नमनाला घडाभर तेल नको.

दाढीचा काही संबंध नव्हता. त्या रविवारी जिची पाळी होती तिचा नऊ वाजता निरोप आला, येत नाही म्हणून. भिंतीवर लावायला काहीच नव्हतं. सतरा माणसं येणार, त्यात दोन नवीन. तू तापानं पडला होतास. चार दिवसांपूर्वी तू मला म्हणाला होतास, "ताई, एकदा नजर टाकशील? कुठेतरी अडकतंय, सापडत नाहीये." मी म्हटलं होतं, वेळ नाही. त्या सकाळी मात्र मला वेळ मिळाला. तुझ्या उशाशी लॅपटॉप होता. मी चार पानं उचलली, नाव पुसलं आणि निघाले. तुला उठवलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

आमच्या कंपनीला निम्मं काम तुझ्या कंपनीकडून येतं. माझं नाव निघालं असतं तर मलाही त्याच आठवड्यात दार दाखवलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी दाढीचं नाव पुढे केलं.

काल तुझ्या जुन्या साहेबांना भेटले. सगळं कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पण त्यानं तर स्वतः लिहून दिलंय, कोड भिंतीवर मीच लावला म्हणून."

मी म्हटलं, "तो त्या दिवशी तापात होता. घराबाहेरही पडला नव्हता."

"बाई, त्याला घरून काम करायची परवानगी होती. घरातल्या कुणी परस्पर उचललं असतं तर समज देऊन सोडलं असतं. मी दोनदा विचारलं त्याला, दुसऱ्या कुणाचा हात आहे का? दोन्ही वेळा नाही म्हणाला. जाताना दारात थांबून म्हणाला, घरात आम्ही दोघंच कमावतो, एकाची तरी नोकरी राहू दे. कुणाबद्दल बोलतोय ते मला तेव्हा कळलं नव्हतं."

मी विचारलं, आता काही करता येईल का? ते म्हणाले, त्या जागेवर दुसरा माणूस आहे. माझा कागद त्यांनी घडी घालून मला परत दिला. आमच्या कंपनीला कळवणार का, असंही मी विचारलं. बघ, तिथेही मला तेच सुचलं. ते म्हणाले, "तो एवढं करून गेलाय. आता कशाला? जा तुम्ही."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या सकाळी तू झोपला होतास असं मी धरून चालले होते. मग मी दाढीची गोष्ट सांगितली, ती तू ऐकून घेतलीस. मी पत्रात परत तीच लिहिली, वर "आठवून बघ" म्हणून शहाणपण शिकवलं, तेही वाचलंस. आणि मी इकडे आईजवळ तुझ्या अबोल्याची तक्रार करत होते. खारू, मला फार लाज वाटते. तू रागावला असतास, चारचौघांत मला वाटेल ते बोलला असतास, तर मी भांडून मोकळी झाले असते.

दाढीला फोन केला, खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीतच होतं. बरं, ठेवू?" मास्तरांनाही सांगितलं. त्यांनी वही पिशवीत घातली आणि ते माझ्याकडे न बघता गेले. बैठक मी बंद केली. बंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण वाचनालयाच्या बाईंना तसं सांगावं लागलं. त्या खोलीत आता जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवणार आहेत.

तू आईला म्हणालास, दुसरं कुणी वाचेल असं मी आता काही लिहिणार नाही. ती ते मला सांगून रडली. तिला वाटतं, तू ते तापल्या डोक्यानं बोललास. तू तापट नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणजे कोड नाही आणि या पत्राला उत्तरही नाही. मागायला मला तोंडही नाही.

सकाळी राजीनामा लिहायला बसले होते. तारीख घातली, मग घड्याळ पाहिलं आणि डबा घेऊन कामावर गेले.

तुझ्या जिवावर नोकरीत राहिलेली,
ताई