तिन्ही बटणं शून्यावर नेऊ नयेत

मी चंद्रभागा कोंडाजी पाळदे, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, राहणार देवळाली कॅम्प, जिल्हा नाशिक, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं जागेवर आहे. गुडघे संपलेत, म्हणून लिहून मोकळी होते.

१) राहतं घर मुलगा किशोर याला. अट खाली आहे.

२) पाटल्या सून मीना हिला. चहा फिका करते, पण मला आंघोळ तीच घालते.

३) ह्यांनी स्वतः जोडलेला गिटारचा ॲम्प्ली नात हर्षाली हिला. बँडवाल्यांचे दुरुस्त करता करता हा एक घरी ठेवला. मे महिन्यात पोरगी त्यावर गिटार वाजवत होती तर माझी पाठ दुखायची थांबली, खोटं नाही लिहीत. आता ती पुण्याला होस्टेलवर, गिटार इथेच.

इकडे किशोरने ॲम्प्ली पुसला आणि नीटनेटकं दिसावं म्हणून बेस, मिडल, ट्रेबल ही तिन्ही बटणं शून्यावर नेली. आवाज बंद.

"आई, मेला हा. भंगारात देतो."

"अरे, बटण फिरव!"

"तुला काय कळतं त्यातलं?"

चाळीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसले मी. हे सांगायचे, "चंद्रे, ही बटणं आवाज देत नाहीत, अडवतात. दहावर नेलं म्हणजे अडवणं थांबलं. तिघांनी अडवलं तर पुढे जाणार काय?"

भंगारवाल्याला मी परत धाडलं. मी मेल्यावर कोण धाडणार?

४) म्हणून अट. किशोरने साक्षीदारांसमोर ॲम्प्ली वाजवावा. आधी मिडल, मग बाकीची. एक हलवलं की दुसऱ्याचाही आवाज बदलतो, तेव्हा पुन्हा ऐकावं. वाजला तरच घराच्या किल्ल्या. मिडलपाशी ह्यांच्या आवडीच्या आकड्यावर मी ठिपका दिला होता, हे गेले तेव्हा डबीत उरलेल्या कुंकवाचा. तोही फडक्याने गेला. ते मी बोलले नाही कुणाला.

सही: चंद्रभागा कोंडाजी पाळदे
साक्षीदार: ललित आहेर, लताबाई गायधनी
देवळाली कॅम्प, ९ सप्टेंबर २००३

मागाहून लिहिते. ललितने सगळं मोठ्याने वाचलं. किशोर दारातच उभा होता. म्हणाला, "आई, ठिपका कुठं होता गं?"

"पाचाच्या अलीकडे."

देवघरातली डबी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. आत्ता तार छेडल्याचा आवाज आला. लई बेसूर. पण आला.

सबब कलम चार मी माझ्या हाताने खोडलं आहे.

सही: चंद्रभागा