डावीकडचं वल्हं

सोलापूर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. अक्का,

बिभीषणचा नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर तुझा आवाज आला की मी पिकापाण्याचं विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय. नातीकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. वर्गात तुझं वाचन पहिलं होतं.

निवृत्त झाल्यापासून सकाळ जात नाही. हिप्परग्याच्या तलावावर कयाक शिकतोय. एका माणसापुरती निमुळती होडी. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडे मारायचं, एकदा डावीकडे. शिकवणारी रेश्मा पंचविशीची असेल. काठावरून ओरडते, "काका, हातानं ओढू नका, दंड भरून येतील! पातं पायापाशी पाण्यात घाला, कमरेतून वळा, मांडीपाशी आलं की काढा!" पाठ ताठ, मूठ सैल. एवढं जमायला दोन आठवडे गेले.

तरी होडी गोल फिरायची. "काका, तलावाला चक्कर मारायची हाय, स्वतःभोवती न्हाय," म्हणाली.

आज तिला कळलं. "उजवीकडं झकास मारताय की. डावीकडं पातं नुसतं टेकवताय. तितं कोण दुसरं बसलंय?"

मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

उसाचा रस आटवून गूळ करायच्या जुन्या, मोठ्या काहिलीत बसून आपण भीमा ओलांडायचो, पलीकडच्या शाळेसाठी. उजवीकडे मी, डावीकडे तू. एकानं हात थांबवला की काहिल गरगरायची आणि तू म्हणायचीस, "बिभ्या, झोपलास व्हय?" कडेला काळा गूळ चिकटलेला असायचा. तो खरवडून खाताना नदीचा वास यायचा.

त्या दिवशी तू वल्हं सोडलं नव्हतंस. कुणाच्या तरी जाळ्यात अडकलेला मासा धरायला मी उभा राहिलो आणि काहिल उलटली. घरी आण्णांनी विचारलं. बाप असले तरी त्यांच्या हातात चाबूक होता. मी म्हणालो, "अक्कानं वल्हं सोडलं." तू माझ्याकडे बघितलंस, बोलली नाहीस. "बास झालं पोरीचं शिकणं," आण्णा म्हणाले. तू सातवीत होतीस. दुसऱ्या दिवसापासून मी शेजाऱ्यांच्या काहिलीतून शाळेला, तू शेळ्यांमागे.

घरात त्याची गंमत झाली. दिवाळीत दूध उतू गेलं तेव्हा सोनम म्हणाली, "आज्जी, परत वल्हं सोडलंस?" सगळे हसले. मीही हसलो. तूही हसलीस, ते मला अजून सोसत नाही.

पुढच्या रविवारी मैंदर्गीला येतोय. मुलं, सुना, सोनम, सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. तू "जाऊ दे, लहान होता" म्हणशील. म्हणू नकोस. माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड, घरात घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस. मात्र गप्प राहू नकोस.

तुझा, अजूनही भिणारा,
बिभीषण