बोडीतली मासोळी आधी बाळंतिणीची

मी, कुंता गोविंदा मारबते, वय पासष्टच्या आसपास, धंदा मासेमारी व मजुरी, राहणार मौजा करंजटोला, तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर, आज माझ्या घराच्या ओसरीत बसून हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. लिहिणारे आमच्या गावचे निवृत्त गुरुजी वामनराव. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिला नाही, कोणी काही पाजले नाही, आणि लाडीगोडी लावून घ्यावे असे माझ्यापाशी फारसे काही नाही. वामनराव मी बोलते तसे लिहीत नाहीत, शहरी करून लिहितात. पण लिहिलेले ते मला वाचून दाखवतात, आणि अर्थ माझाच राहतो याची मी खात्री करून घेते.

माझ्या पोटात गाठ आहे. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की आता चिरफाड करून उपयोग नाही. माझी नात दामिनी पहिल्या बाळंतपणासाठी माझ्या घरी आली आहे. तिला आठवा महिना लागला आहे. तिचे बाळंतपण आधी की माझे जाणे आधी, हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ही घाई.

कलम पहिले. राहते घर, मागचा गोठा व परसातली मुंगण्याची दोन झाडे, यांतला माझा जो हक्क असेल तो माझा मुलगा प्रफुल याला. प्रफुल ऊर्जानगरात ठेकेदाराकडे कामाला आहे आणि दर रविवारी मोटारसायकलवर येतो. त्याने माझ्या औषधपाण्यात कधी कुचराई केली नाही. हे त्याच्या तोंडावर बोलायचे राहून गेले, म्हणून इथे लिहून ठेवावे. एकच अट. मुंगण्याची झाडे तोडू नयेत. मुंगणा, म्हणजे पुस्तकातला शेवगा, दारात असला की भूत बसते असे त्याच्या बायकोला वाटते. बसू दे. त्याचा पाला गरोदर बाईच्या पोटात गेला तर भुताचे काही बिघडत नाही.

कलम दुसरे. जाळी व डोंगा, म्हणजे माझी लहान नाव, माझ्या दिराचा मुलगा मुखरू याला. डोंगा एका बाजूने गळतो, ते त्याला माहीत आहे. चांदीच्या पाटल्या दामिनीला. त्या तिच्या आईच्या होत्या.

कलम तिसरे, आणि यासाठीच हा सगळा खटाटोप. गावाच्या उत्तरेला माझी एक बोडी आहे. धानाला पाणी द्यायला माझ्या बापाने खोदलेले ते लहान तळे. मी त्याची एकुलती एक, म्हणून सातबारा माझ्या नावे आहे आणि त्यात सासरच्या कोणाचा वाटा नाही. ती बोडी मी दामिनीला देते. प्रफुलला देत नाही. का देत नाही ते नीट लिहावे, म्हणजे मागाहून भाऊबंद तोंड वाजवणार नाहीत.

मासोळीचा एक ठेकेदार प्रफुलच्या मागे लागला आहे. बोडीत औषध टाकून बारकी मासोळी मारायची, मग मोठ्या मासोळीचे बीज सोडायचे आणि सगळा माल बर्फात घालून बाहेर पाठवायचा, असा त्याचा बेत. प्रफुल मला म्हणाला, "माय, बारकी मासोळी म्हंजे कचरा आहे. कोनी विकत बी घेत नाई." मी म्हटले, "म्हनूनच ते आपल्या ताटात येते, बापू. जे विकते ते आपन कधी खाल्लं काय?"

हे खरे आहे. लोकांना वाटते धिवराच्या घरी रोज मासोळीची मेजवानी. आमच्या घरी मरळ आली की ती सरळ बाजाराच्या टोपलीत जायची. घरी राहायची ती टोपलीच्या तळाची बारकी कारवडी आणि झिंगे. तीही आधी पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या. बाईला रस्सा उरला तर उरला. बाळंतीण असली तर रस्साही नाही.

माझी मुलगी साधना, दामिनीची आई, हिचे लग्न वैनगंगेच्या पलीकडे झाले होते. मी तेव्हा तापाने पडले होते, म्हणून तिचे पहिले बाळंतपण सासरीच झाले. आमच्याकडे बाळंतिणीला पथ्य पाळतात. एक वेळ भात, त्यावर लसूण आणि मीठ. डाळ नाही, भाजी नाही, मासोळी तर शिवायची नाही, पाणीही जपून. एक दिवस बांगड्या विकणारी कासारीण तिकडून आली आणि तिने निरोप सांगितला. साधना म्हणाली होती, "मायले सांगजा, मले भूक लागते."

मी अंगात कणकण असतानाच बारक्या मासोळीचा रस्सा केला, गंजाला, म्हणजे पातेल्याला, फडके बांधले आणि नदी ओलांडून गेले. दारात तिची सासू सीताबाई उभी. ती म्हणाली, "बाई, इथी कोनी उपाशी नाई मरून राह्यलं. बाळंतिणीले मासोळी देल्ली त दूध नासते, लेकराचं पोट फुगते. तुमाले मालूम नाई काय?" मी हात जोडले, मग भांडले, मग दारातच बसून राहिले. शेवटी तिने मला पोरीला भेटू दिले, पण गंज ओसरीवरच ठेवायला लावला.

साधनाच्या नखांत रंग नव्हता. ओठ पांढरे पडले होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि ती दारातून गंजाकडे पाहत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

बाळाचे नाव ठेवायच्या आधीच ती गेली. दवाखान्यात नेली होती, उशिरा. तिथली डॉक्टरीण म्हणाली, हिच्या अंगात रक्तच नव्हते. तिच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरे लग्न केले. दामिनीला मी फडक्यात गुंडाळून डोंग्यातून इकडे आणली आणि शेळीच्या दुधावर वाढवली.

पुढे गावात अंगणवाडी आली. सेविका म्हणून आमच्याच गावची संघप्रिया लागली. तिच्याकडे सरकारातून सकस आहाराचे एक चित्र आले होते. त्यात सफरचंद, द्राक्षे, दुधाचा पेला आणि एक गोरी गुबगुबीत बाई. आम्ही बायका हसलो. सावलीच्या बाजारात सफरचंद दिसते ते आजाऱ्याच्या पिशवीत, आणि आजारी माणूस पैसेवाला असेल तरच. संघप्रिया रागावली नाही. ती म्हणाली, "चित्र राहू द्या. आपल्या इथी काय भेटते ते उद्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी कोणी मुंगण्याचा पाला आणला, कोणी आंबाडी, कोणी अंडे. मी ओंजळभर बारकी मासोळी नेली. ती पाहून संघप्रिया म्हणाली की ही काट्यासकट खाल्ली तर हाडाला बळ देते, अंगाला लागते, आणि बाळंतिणीला तर हवीच. दूध नासत नाही, उलट वाढते. तिने ते पुस्तकातून वाचूनही दाखवले.

सगळ्या बायकांसमोर मी रडले. माझी लेक गेली ती कोणत्या दुष्काळात नाही. धिवराच्या घरची लेक, पाण्याच्या काठी जन्मलेली, नदीकाठी दिलेली, आणि तिला मासोळीवाचून पांढरी करून मारली. दैवाला बोल लावायची सोयसुद्धा राहिली नाही.

त्या दिवसापासून बोडीतली बारकी मासोळी मी अंगणवाडीत देत आले. पहिल्यांदा घरोघरी वाटायची. पण गरोदर बाईच्या नावाने दिलेली मासोळी सासऱ्याच्या ताटात जाते, आणि सुकडीचे पाकीट सारे घर मिळून फस्त करते. म्हणून आम्ही दोघींनी ठरवले की अंगणवाडीतच शिजवायचे आणि समोर बसवून खाऊ घालायचे. काही सासवा दारात येऊन शिव्या देऊन गेल्या. मला शिव्यांचे काय? माझ्या पदरातले जायचे ते गेले होते.

तेव्हा बोडी दामिनीला, पण अशी: बोडीत औषध टाकू नये. मोठी मासोळी विकून तिने आपला संसार करावा. बारकी मासोळी आधी गावातल्या गरोदर आणि बाळंतीण बायांना, मग अंगणवाडीच्या पोरांना, उरली तर बाजाराला. कोणाची जात विचारू नये. माझा मोठा गंज अंगणवाडीला द्यावा.

कलम चौथे. दामिनीची आजी, म्हणजे तीच सीताबाई. तिला माझ्याकडून काही मिळू नये, माझ्या मातीलाही तिने येऊ नये, असे मी पहिल्यांदा लिहवून घेतले होते. दामिनी मोठी झाली, तिचे लग्न झाले, तरी मी सीताबाईशी शब्द बोलले नव्हते. गेल्या बुधवारी ती काठी टेकत आली आणि अंगणात बसली. मी तोंड फिरवले. ती दामिनीला म्हणाली, "पोरी, पोटभर खातेस ना?" दामिनी हो म्हणाली. मग सीताबाई माझ्या पाठीकडे पाहून म्हणाली, "बाई, मले बी माह्या सासूनं तसंच ठेवलं व्हतं. पाचही खेपा. मी जगली. मले वाटलं, तेही जगन."

वामनरावांनी इथे "मी सीताबाईंना क्षमा केली" असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले. क्षमा केलेली नाही. फक्त ती आधीची ओळ काढून टाकावी. माझ्या मातीला तिला यायचे असेल तर येऊ द्यावे.

कलम पाचवे व शेवटचे. मी दामिनीच्या बाळंतपणाच्या आधी गेले किंवा त्याच दिवसांत गेले, तर घराला सुतक लागेल. सुतकाच्या घरात मासोळी शिजत नाही, फोडणी पडत नाही, तेरवीपर्यंत सगळे अळणी. माझी सून नेमधर्माची आहे. ती माझ्यासाठी मनापासून सुतक पाळेल, आणि दामिनीच्या पुढे मीठभात ठेवेल. म्हणजे आईला सासूने उपाशी ठेवले आणि लेकीला माझ्या मरणाने. हे मला मेल्यावरही सोसणार नाही.

म्हणून माझी आज्ञा समजा, नाहीतर विनवणी समजा. मला नेतील त्याच दिवशी मुखरूने बोडीत जाळे टाकावे. त्याच दिवशी दामिनीच्या ताटात मासोळी पडावी आणि पुढे रोज पडावी. ती रडत असेल तरी तिला भरवावी. पाप लागेल ते माझ्या नावावर लिहा, मी वर जाऊन फेडीन. घरच्या कोणाचा हात धजावणार नाही हे मी जाणते. तेव्हा भाऊकीबाहेरचे, ज्यांना आमचे सुतक लागत नाही अशा कोणीतरी अंगणात वेगळी चूल मांडावी. कोणी ते अजून ठरलेले नाही. तेवढी जागा वामनरावांनी कोरी ठेवली आहे: ______________

हे मृत्युपत्र मला दोनदा वाचून दाखवले. बरोबर आहे.

मौजा करंजटोला. दिनांक १६ जानेवारी २००५, रविवार.

सही: कुंता गोविंदा मारबते (चौथी पास आहे, सही स्वतः केली)

ज्याला या कागदाने काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वामनरावांनी सांगितले. म्हणून ज्यांना काहीच मिळत नाही अशा दोघी पुढे आल्या.

साक्षीदार पहिली: संघप्रिया लहानू खोब्रागडे, अंगणवाडी सेविका, मौजा करंजटोला. सही.

साक्षीदार दुसरी: सीता इतवारी नान्हे, दामिनीची आजी, वैनगंगेपलीकडची, आज पुन्हा आलेली. डाव्या हाताचा अंगठा. अंगठा लावण्याआधी त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि हे काय म्हणून विचारले. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "माह्यं कूळ दुसरं. मले या घरचं सुतक नाई लागत. माह्यं नाव लिवा, गुरुजी. मी पेटवीन चूल."

कुंताबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. नाव लिहिले. लिहिणार, वामनराव.