नंतर सांगते

सोमवार, ४ मे

प्रिय लोर्ना,

'प्रिय' हा शब्द मी दोनदा लिहून खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. त्याशिवाय पत्र सुरू कसं करायचं ते मला शाळेत शिकवलं नाही. तसं शाळेत मला बरंच काही शिकवलं नाही. दहावीपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या मास्तरांच्या पाठी बघत बसलो आणि मग सोडून दिलं, हे तुला ठाऊक आहे. स्पेलिंग मात्र माझं मी शिकलो. औषधाच्या दुकानात मी चिठ्ठीवर एक शब्द चुकीचा लिहिला आणि काउंटरवरच्या मुलीने ती चिठ्ठी आतल्या दोघींना नेऊन दाखवली, तेव्हापासून माझ्या खिशात छोटा शब्दकोश असतो. हे पत्र मी तीनदा तपासलं आहे. फोनवर लिहिलं असतं, तर तू उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाली असतीस. पत्राला तसं करता येत नाही.

आधी घरचं सांगतो. आमच्या जूनीचा वरचा दात पडला. नादीनची बेकरीतली पाळी आता पहाटेची झाली आहे, त्यामुळे सकाळी वेणी मी घालतो आणि ती वाकडी होते. मी कारखान्यात आहे तिथेच आहे, कपाटांची दारं घासतो, त्यांना पॉलिश करतो. मालक म्हणतो, "रॉइस, दाराची आतली बाजू कोण बघणार आहे?" मी बघतो. हा स्वभाव तुला ठाऊक असूनही माझ्या नावाचे कागद कधी माझ्या हातात पडतील, असं तुला वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं.

कागद डेल्बर्टमुळे मागवले. तोच तो म्हातारा, आमच्या बहिऱ्यांच्या बोलिंगच्या संघातला, जन्मभर छापखान्यात टाइप जुळवलेला. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी त्याने विचारलं की जूनीच्या शाळेतल्या मीटिंगला दुभाषी कोण असते. मी म्हटलं, माझी बहीण. त्याने हातातला चेंडू खाली ठेवला. चेंडू हातात असला की बोलता येत नाही आमच्यात. "बहीण म्हणजे कानवाली?" हो. "तिला शाळेने नेमलंय?" नाही, ती आपणहून येते, चाळीस मैल गाडी चालवून, बँकेतून रजा काढून. तुझ्याबद्दल मी हे अभिमानाने सांगत होतो, लोर्ना. डेल्बर्ट म्हणाला, "दाढ दुखली की शेजाऱ्याकडून उपटून घेतोस का? तोही आपणहून येईल." मग म्हणाला, "शाळेकडून मीटिंगांचे वृत्तांत मागव. त्यात तू काय काय बोललास ते वाच. करमणूक होईल."

गेल्या मंगळवारी पाकीट आलं. सप्टेंबर, जानेवारी, एप्रिल, तिन्ही मीटिंगा. मी शब्दकोश घेऊन स्वयंपाकघरात बसलो आणि पेन्सिलने एकेक ओळ वाचली. फार शब्द बघावे लागले नाहीत. सोप्या भाषेत लिहिलं आहे सगळं.

जानेवारीची मीटिंग आठव. जूनी बोलण्यात मागे आहे, वाचण्यात मागे आहे, असं मिसेस प्रुइट सांगत होत्या. तेवढं तू मला हातांनी सांगितलंस. मग मी बोललो. चांगली चार मिनिटं बोललो, कारण आदल्या दिवशी मी ते आरशासमोर ठरवून ठेवलं होतं. मी म्हणालो की आम्ही दोघं बहिरे, जूनीला ऐकू येतं, पण तिची पहिली भाषा हातांची; हातांनी ती शंभरपर्यंत मोजते. शेजारचा कुत्रा कुंपणात कसा अडकला आणि त्याला कसं सोडवलं, ही गोष्ट ती अशी सांगते की नादीन हसून खुर्चीवरून पडते. मी विचारलं की तुम्ही तिची परीक्षा तोंडी घेतली, खुणांमध्ये घेतली का? सहा वर्षांच्या पोरीला दोन भाषा येतात आणि तुम्ही एकच मोजली, हे बरोबर आहे का? हा माझा प्रश्न होता. तू माझ्याकडे बघत होतीस, मान हलवत होतीस. मग त्यांच्याकडे वळलीस, तुझे ओठ जरासे हलले, आणि मिसेस प्रुइट माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, पटलं त्यांना. वृत्तांतात त्या जागी एवढंच लिहिलं आहे: 'वडिलांनी शाळेचे आभार मानले.'

मी ती ओळ किती वेळ बघत बसलो ते लिहीत नाही.

त्याच पानावर खाली आहे: 'घरात बोलणं नसल्यामुळे मूल मागे पडत आहे, याची वडिलांना खंत आहे.' त्याखाली: 'घरात खुणा कमी करायला पालक तयार आहेत.' हे कोण बोललं, लोर्ना? हात माझे होते आणि मी हे बोललो नाही. पुढे लिहिलं आहे की वडिलांनी वेळोवेळी मान हलवून संमती दिली. आम्ही समोरच्याचं बोलणं बघताना मान हलवतो, तुझं बोलणं पोचतंय एवढंच त्यातून सांगतो, हे मिसेस प्रुइटना ठाऊक नसेल. तुला ठाऊक आहे. लहानपणी आपण त्यावरून भांडलो आहोत. मी मान हलवली म्हणून तू माझी सायकल घेऊन गेली होतीस आणि संध्याकाळी मी तुझ्या केसांना च्युइंगम लावला होता.

मीटिंगनंतर गाडीपाशी मी तुला विचारलं होतं, काय ठरलं? तू किल्ल्या शोधत होतीस. एका हाताने म्हणालीस, "काही नाही रे, शाळेचं नेहमीचं रडगाणं. नंतर सांगते."

'नंतर सांगते.' ही खूण मी आपल्या घरात आई-बाबा म्हणण्याआधी शिकलो असेन. जेवणाचं टेबल, बिस्किटं, ग्रेव्ही, वाटाण्याच्या शेंगा, आणि बाबा काहीतरी म्हणायचे आणि तुम्ही तिघं हसायचात. मी तुझी बाही ओढायचो. "काही नाही, नंतर सांगते." आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला टाय बांधला, मी विचारलं कुठे जायचंय, तुम्ही सगळे रडत होतात, तू म्हणालीस नंतर. मला वाटलं फोटो काढायचा आहे. पेटीत आजोबा दिसेपर्यंत मला तसंच वाटत होतं. पण तेव्हाही मी तुझ्यावर रागावलो नाही. आईने खुणा शिकल्या नाहीत, बाबांनी शिकल्या नाहीत. लायब्ररीतून पुस्तक आणून आरशासमोर बोटं वाकवत बसलेली त्या घरात एकटी तूच होतीस. दहा वाक्यांतलं एक का होईना, माझ्यापर्यंत आणायचीस. त्या एका वाक्यावर मी जगलो, आणि उरलेली नऊ तुझ्याजवळ सांभाळून ठेवलेली आहेत असं समजत राहिलो. नादीन लग्नापासून म्हणते, "तुझ्या बहिणीचे हात आखूड आहेत." मी तिच्याशी भांडायचो. आता भांडत नाही.

एप्रिलच्या मीटिंगबद्दल लिहितो आणि मग मुद्द्याचं. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर तक्ते दाखवायला दिवे घालवले. दहा मिनिटं मला तुझे हात दिसत नव्हते. मी टेबलावर दोनदा थाप मारली, दिवा लावा म्हणून. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. प्रेमाने ठेवलास, असं मला वाटलं. अंधारात मी चार कानवाल्या माणसांची तोंडं हलताना बघत बसलो. वृत्तांतात त्या दहा मिनिटांचं दीड पान आहे. पुढच्या सप्टेंबरपासून जूनीने तुझ्या गावच्या शाळेतल्या खास वर्गात जावं. सोमवार ते शुक्रवार तिने बोलत्या घरात राहावं. 'मुलीच्या आत्याने स्वतःचं घर देऊ केलं आहे. कुटुंबाची तयारी आहे. आत्याकडे मुलीची खोली आणि पलंग तयार आहे.'

पलंग.

फेब्रुवारीत तू फोटो पाठवला होतास, पिवळी भिंत, रिकामी खोली. लिहिलं होतंस, "जूनी शनिवारी राहायला आली की कोचावर झोपते बिचारी, तिच्यासाठी छोटा पलंग करशील?" मी तीन रविवार केला तो पलंग. मेपलचं लाकूड. कोपरे गोल केले, तिच्या डोक्याला लागू नयेत म्हणून. खालच्या फळ्यासुद्धा घासल्या, जिथे कुणाचा हात जाणार नाही. स्वतः गाडीत घालून आणला आणि तुझ्या त्या खोलीत उभा केला. तू रडलीस. मला वाटलं, काम आवडलं म्हणून. तुम्हा दोघांना मूल झालं नाही, त्याचं दुःख मी जाणतो. त्या वर्षी तुझ्या घरी येऊन बसणारा मीच होतो, काही न बोलता, ते मला चांगलं जमतं. तू तेव्हा तोंड उघडून मागितलं असतंस, की रॉइस, मला तिचा सहवास हवा आहे, तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. तू मागितलं नाहीस. माझ्याच तोंडून देववलंस.

आणि काल रविवार. जेवताना जूनी हातांवर बसली होती. दोन्ही पंजे मांड्यांखाली. भाजलेली कोंबडी समोर, तिला आवडते तशी, आणि ती आमच्याकडे बघून तोंड हलवते आहे. नादीनला वाटलं, पडलेल्या दाताचा खेळ आहे. मी विचारलं, काय झालं? तिने पुन्हा तोंड हलवलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने एक हात हळूच बाहेर काढला आणि टेबलाच्या कडेखाली, कुणी बघू नये अशा बेताने म्हणाली, "लोर्ना आत्या म्हणते, हातांवर बसलं की तोंड उघडतं." मग हात परत आत घातला. नादीन उठून सिंकपाशी गेली आणि बराच वेळ भांडी घासली. जेवणं अजून व्हायची होती.

तू म्हणशील, मी तिच्या भल्यासाठी केलं. तू म्हणशील, तुला नसतं कळलं, मीटिंगमध्ये कठीण शब्द असतात. शब्दकोश माझ्याजवळ आहे. कठीण शब्द मी बघतो. जो शब्द कुणी माझ्यापर्यंत आणतच नाही, तो कशात बघायचा?

आता हे पत्र का लिहिलं ते. चौदा मेला, गुरुवारी सकाळी नऊला जूनीला तुझ्याकडे पाठवायच्या त्या आराखड्यावर सह्या आहेत. मला तिथे दुभाषी हवी, शाळेने नेमलेली, शिकलेली, माझी कुणी नसलेली. तशी एक बाई शहरात आहे, डेल्बर्टने नाव दिलं, पण तिला पाच दिवस आधी सांगावं लागतं. आज सकाळी मी कामावर न जाता शाळेत गेलो आणि ऑफिसच्या खिडकीवर चिठ्ठी दिली, एकही चूक नसलेली. खिडकीवरच्या बाईने फाइल उघडून मला एक फॉर्म दाखवला. सप्टेंबरचा. 'दुभाष्याची गरज नाही, कुटुंबाची स्वतःची सोय आहे.' खाली तुझी सही. मी चिठ्ठीवर लिहिलं, मी वडील आहे, मला हवी आहे. तिने वाचलं, मान वाकडी केली आणि त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं, 'तुमच्या बहिणीला आम्हाला फोन करायला सांगा.' ती चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. वाच. डेल्बर्ट म्हणतो, वकील आहेत, तक्रार करता येते, आणि ती मी करणारच आहे, पण तिला महिने लागतात आणि माझ्याकडे दहा दिवस आहेत. म्हणजे तुझ्या तोंडातून माझं तोंड सोडवून घ्यायला मला तुझंच तोंड लागतं आहे. म्हणून शुक्रवारी दुपारच्या आत त्यांना फोन कर आणि हे म्हण: 'रॉइस टॅकेटला दुभाषी हवी आहे. मी त्याच्या वतीने बोलत नाही.' एवढंच. यात काही घालू नकोस, यातलं काही गाळू नकोस, आभार मानू नकोस. मग गुरुवारी ये. तुझी खुर्ची असेल, आत्याची. हात मांडीवर ठेवून बस. मी पुष्कळ बोलणार आहे, पलंगाबद्दलही बोलणार आहे, आणि त्या बाई एकूण एक शब्द मोठ्याने म्हणतील. तुला सगळं तिथल्या तिथे ऐकू येईल. नंतर सांगण्यासारखं काही उरणार नाही.

तुझाच (हे मी खोडलेलं नाही),
रॉइस

ता. क. पलंग आहे तिथेच राहू दे. तो मी शनिवारसाठी केला होता.