काळ्या पडलेल्या तीन बाटल्या

चि. चिमणीस, घड्याळदुरुस्ती सोडून भलत्याच उद्योगात पडलेल्या काकाचे पोटभर आशीर्वाद.

दादाचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं डोकं दुखायचं थांबलं का? जावईबापूंच्या शिंका? आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या जंतूंची तब्येत कशी आहे? (ते ठणठणीत असले की तू खूश असतेस, म्हणून विचारतो.)

तू पाठवलेल्या पाणी तपासायच्या बारा बाटल्या पोचल्या. तळमजल्यावरच्या इस्त्रीवालीची नात पोट बिघडून महिन्यात तिसऱ्यांदा शाळेला मुकली, तेव्हा काहीतरी करणं भागच होतं. चाळीतल्या बाराही घरांतून पिण्याचं पाणी आणून बाटल्या भरल्या, तू सांगितलंस तशा उबेला ठेवल्या. फक्त तुझी एक सूचना मी शहाणपणाने गाळली. खोलीचा नंबर बाटलीवर लिहा, म्हणाली होतीस. म्हटलं, लोकांची अब्रू खिडकीत कशाला मांडायची? ओळीने ठेवू, राहील ध्यानात. (चाळीस वर्षं घड्याळांचे सुटे भाग असेच ध्यानात ठेवले.) पण तुझ्या काकूने खिडकी पुसली आणि बाटल्या जशा हाताला आल्या तशा परत मांडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तीन काळ्याठिक्कर, म्हणजे तीन घरांच्या पाण्यात जंतू. घरं कोणती, ते त्या जंतूंनाच ठाऊक.

सगळी बिऱ्हाडं आमच्या दारात. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "हे खालच्यांचंच असणार." इस्त्रीवाली म्हणाली, "बाई, टाकी तुमच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही." पण गंमत पुढेच. प्रत्येकाला मनातून वाटलं, त्या तिघांत आपण आहोत. त्याच दुपारी चौघांनी एकमेकांना चोरून एकाच नळवाल्याला बोलावलं. घरोघर माठ घासल्याचे आवाज, आणि दारं मात्र बंद. टाकी धुतली गेली, झाकण बसलं, इस्त्रीवालीची नात पंधरा दिवस सलग शाळेत. जीवशास्त्राने समाजाचा विकास कसा होतो यावर वाचनालयात माझं भाषण झालं. लाज जंतूंपेक्षा लवकर वाढते, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या.

ता.क. त्या तिघांची नावं चाळीच्या फळ्यावर लिहा, असं सगळ्यांत मोठ्याने तुझी काकू म्हणते आहे.

ता.ता.क. एका बाटलीच्या बुडावर मी सवयीने बारीक खूण कोरली होती. ती आपली. काळी. तेव्हा काकूच्या नावाने वेगळं पत्र घाल, की शास्त्रज्ञांच्या घरीसुद्धा माठात हात न बुडवता लांब दांड्याचं ओगराळं वापरतात. माझं नाव काढू नकोस. तोवर मी पहाटे उठून चोरून पाणी उकळून गार करतो आहे, आणि गॅस लवकर संपतो म्हणून ती सिलिंडरवाल्याशी भांडते आहे. उत्तर लवकर लिही, तो बिचारा आता आमचा जिना चढायला तयार नाही.